सॉफ्टवेअरमध्ये भर घालायला सगळे, वगळायला कोण?

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. सॉफ्टवेअरमधल्या नको असलेल्या सोयी काढून टाकण्याबद्दल या मंचावर तुकड्यातुकड्यांत बोललो आहे, आज सलग लिहितो. परवा ऑफिसात यावरून वाद झाला आणि तो अर्धाच राहिला.

२९ मार्च २०२४ ला काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियन या लिनक्स वितरणाच्या 'सिड' या अजून घडत असलेल्या आवृत्तीवर काही वेग मोजत होता. एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायच्या प्रोग्रॅमने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. त्याने पिच्छा पुरवला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशन (फाइली दाबून लहान करणाऱ्या) लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरदार, बाहेर आलं. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे पॅच (कोडमधले छोटे बदल) पाठवत, विश्वास कमवत त्या प्रकल्पाचा सहव्यवस्थापक होऊन बसला होता.

त्या हेरकथेवर सगळीकडे भरपूर लिहून आलं. माझ्या मते खरा धडा तिच्या कंटाळवाण्या भागात आहे. एसएसएचचा आणि एक्सझेडचा मुळात संबंध काय?

काहीच नाही. ओपनएसएसएचच्या मूळ कोडला ही लायब्ररी लागत नाही. सेवा सुरू झाल्याचं सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला कळावं म्हणून डेबियन, फेडोरा वगैरे वितरणांनी आपापला पॅच लावला होता. त्यासाठी एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा सर्व्हर, सिस्टमडीच्या लिबसिस्टमडी या लायब्ररीला जोडला. लिबसिस्टमडीला दाबून ठेवलेल्या जर्नल (नोंदींच्या) फाइली वाचाव्या लागतात, म्हणून तिला एक्सझेडची लिबएलझेडएमए हवी. 'मी तयार आहे' एवढा निरोप एका सॉकेटवर टाकायचा होता. तेवढ्यासाठी, एका स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं फावल्या वेळात सांभाळलेली लायब्ररी जगातल्या सर्वांत नाजूक प्रोग्रॅमपैकी एकाच्या प्रक्रियेत शिरली. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचने ९.८ आवृत्तीत तोच निरोप स्वतःच्या छोट्याशा कोडने पाठवायची सोय केली. लिबसिस्टमडीची गरज संपली. हे आधीही करता आलं असतं, पण आधी ते कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

दुसरं उदाहरण २०१५ मधलं 'व्हेनम'. क्यूईएमयू या आभासी यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा कोड होता, २००४ पासूनचा. त्यातल्या बगमधून पाहुण्या यंत्रातून थेट यजमान सर्व्हरवर येण्याची वाट मिळत होती. २०१५ मध्ये क्लाउडवर फ्लॉपी कोण वापरत होतं? आणि आभासी यंत्राच्या मांडणीतून फ्लॉपी काढून टाकली तरी दुसऱ्या एका बगमुळे तो कोड तिथे जिवंतच राहत होता. 'आम्ही ते वापरत नाही' या वाक्याला सुरक्षेत काही किंमत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

हार्टब्लीड तर सर्वांना माहीत आहे. एप्रिल २०१४. संकेतस्थळांची जोडणी कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीमध्ये 'हार्टबीट' नावाची सोय होती, जोडणी जिवंत आहे का ते विचारायची. बहुतेक संकेतस्थळांना तिचा काडीचा उपयोग नव्हता, तरी ती १.०.१ पासून आपोआप चालू असायची. 'मी इतके बाइट पाठवले, तितके परत दे' असं समोरचा म्हणायचा आणि सर्व्हर खरोखर किती आले ते न मोजता एका वेळी ६४ केबीपर्यंत स्मृती परत द्यायचा. तिच्यात पासवर्ड असोत की खासगी किल्ल्या. त्यानंतर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या लोकांनी ओपनएसएसएलची स्वतंत्र शाखा काढली, लिब्रेएसएसएल, आणि पहिल्याच आठवड्यात सुमारे ९०,००० ओळी उडवल्या. व्हीएमएससारख्या प्रणालींसाठीचा, कोणे एके काळच्या विंडोजसाठीचा कोड. नेटवरचे व्यवहार त्या ओळींवाचून अडले नाहीत.

ऑफिसातल्या वादात मी म्हणत होतो ते हे: नवी सोय आणणाऱ्याचं नाव होतं, बढती होते. जुनी सोय काढणाऱ्याच्या वाट्याला फक्त तक्रारी येतात, कारण ती वापरणारा एक तरी माणूस कुठेतरी निघतोच. हा हिशेब बदलल्याशिवाय सुरक्षेची बाकीची सगळी खटपट अपुरी पडते असं माझं ठाम मत आहे. तुमच्या क्षेत्रात काय अनुभव आहे? काय काढता येतं, आणि काय काढायला तुम्ही ठाम नकार द्याल?

देवटाक

धागा आवडला. नकार द्यायची सुरुवात मीच करते.

मी फॉन्टवर काम करते. तुम्ही हा धागा ज्या लिपीत लिहिला आहे ती पडद्यावर उमटवणं हेच मुळात गुंतागुंतीचं काम आहे. 'ज्ञ' साठवला जातो तो ज, हलन्त आणि ञ अशा तीन चिन्हांत. 'कि'मधली वेलांटी साठवताना क-नंतर येते, दिसताना आधी. 'अर्क'मधला र् साठवताना क-च्या आधी असतो, दिसताना क-च्या डोक्यावर जाऊन बसतो. आणि 'दुसऱ्या'मधल्या ऱ-ची तऱ्हाच वेगळी, त्यासाठी वेगळे नियम. हे सगळं हार्फबझसारखं शेपिंग इंजिन करतं, फॉन्टच्या पोटातले तक्ते वाचून. तो फॉन्ट कुठल्याही परक्या संकेतस्थळावरून उतरलेला असू शकतो. हल्ला करू पाहणाऱ्याला याहून चांगली जागा कोणती?

किंमत मोजावी लागलीच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतल्या 'ज्ञा'च्या एका विशिष्ट चिन्हक्रमाने आयफोनवरची ॲप कोसळत होती. नुसता संदेश आला तरी पुरे. आयफोनच्या आयओएस प्रणालीची ११.२.६ आवृत्ती आली तेव्हा ते थांबलं. ऑक्टोबर २०२० मध्ये फॉन्ट रेखाटणाऱ्या फ्रीटाइप या लायब्ररीतला बग क्रोमच्या वापरकर्त्यांवर प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला गेल्याचं उघड झालं. तो बग होता फॉन्टमध्ये ठेवलेली पीएनजी चित्रं वाचणाऱ्या कोडमध्ये. फॉन्टमध्ये चित्रं कशाला? रंगीत इमोजींसाठी त्यांचा सर्रास उपयोग होतो.

हे सगळं टाळणारा साधा मार्ग आपण एकेकाळी वापरलेला आहे. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख यांच्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. शेपिंग इंजिन नको, युनिकोड नको, तक्ते नकोत. छापील पान देखणं यायचं. पण फाइलच्या आत होती निरर्थक रोमन अक्षरं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की कचरा. शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्यातून एक मराठी शब्द मिळत नाही. सरकारी कार्यालयांतली आणि प्रकाशकांकडची किती तरी सामग्री आजही त्या रूपात अडकून पडलेली आहे. तिचं रूपांतर करणाऱ्यांना विचारा, तो साधेपणा कोणाला किती महाग पडला.

म्हणून 'कमी करा, सोपं करा' हे ऐकलं की मला आधी भीती वाटते. कात्री चालते तेव्हा सर्वांत आधी ज्यांचे वापरकर्ते त्या बैठकीत बसलेले नसतात त्यांच्या सोयी जातात, म्हणजे आपल्या लिप्या. आम्हाला ही गुंतागुंत हवीच आहे. प्रश्न तिला कुठे ठेवायचं एवढाच. २०२० मध्ये फायरफॉक्सने ७४ व्या आवृत्तीत ग्राफाइट ही फॉन्टची लायब्ररी वेगळ्या कप्प्यात टाकली, आधी वेबअसेंब्ली या बंदिस्त वातावरणात चालणाऱ्या कोडमध्ये आणि मग मशीन कोडमध्ये फिरवून. तिच्यात बग निघाला तरी तो त्या कप्प्यातच राहावा अशी रचना. क्रोमने २०२५ पासून वेबफॉन्टसाठी फ्रीटाइपच्या जागी स्क्रिफा ही रस्ट या स्मृतीच्या चुका रोखणाऱ्या भाषेत लिहिलेली लायब्ररी आणली. यात देवनागरीची एकही वेलांटी कमी झाली नाही.

खटका

देवटाक, उत्तम प्रतिसाद. तरी मी रात्रपाळींच्या बाजूचा.

सुडोचं बघा, म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालींवर रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने आज्ञा चालवू देणारा प्रोग्रॅम. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने त्यातला बग जाहीर केला. कुठल्याही साध्या वापरकर्त्याला थेट रूट होता येत होतं, आणि तो बग जुलै २०११ पासून तिथे होता. सुडोमध्ये एलडॅप (वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती यादीशी जोडणी) आहे, प्लगइन आहेत, नोंदी ठेवायचे नाना प्रकार आहेत. बहुतेक यंत्रांवर वापर काय? एका गटाला रूटचे अधिकार देणारी एक ओळ. ओपनबीएसडीने २०१५ मध्येच ५.८ आवृत्तीत त्याच्या जागी डूअ‍ॅस आणला, खूपच लहान. ज्यांना मोठ्या संस्थेचे नियम चालवायचे आहेत त्यांनी पॅकेज म्हणून सुडो बसवावा. पण मुळात हाती येणारं यंत्र लहान प्रोग्रॅमवर चालतं. मला ही विभागणी न्याय्य वाटते. ज्याला जास्त हवं त्याने ते मागून घ्यावं.

व्हीपीएनमध्ये वायरगार्डने हेच केलं. लिनक्ससाठी सुमारे ४,००० ओळी, मार्च २०२० मध्ये ५.६ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) दाखल. आयपीसेक आणि ओपनव्हीपीएन या आधीच्या पद्धतींचा पसारा याच्या कितीतरी पट. कूटपद्धती निवडायची सोयच वायरगार्डमध्ये ठेवलेली नाही, एकच ठरलेला संच. जुन्या प्रोटोकॉलांत दोन्ही बाजू आपसांत पद्धत ठरवायच्या आणि हल्लेखोर मध्ये बसून त्यांना जुन्या, दुबळ्या पद्धतीवर उतरवायचा. बोलणीच नाहीत तर फसवणार कुठे?

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मला रोज भोगावी लागते. वायरगार्डला वापरकर्ता ठाऊक नाही, फक्त किल्ल्या ठाऊक. ओटीपी नाही, आयपी पत्ते आपोआप वाटणं नाही, टीसीपीवरून जाणं नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली प्रत्येक ठिकाणून काढायची जबाबदारी माझी. म्हणून मी त्याभोवती स्क्रिप्ट लिहिल्या. त्या स्क्रिप्ट जगात कोणी तपासलेल्या नाहीत. वायरगार्डच्या कोरीव ४,००० ओळी आणि माझ्या न तपासलेल्या काहीशे, यांतल्या धोकादायक कोणत्या हे मला पक्कं माहीत आहे.

व्याजदर

खटका यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून पुढे. मी सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे. आमच्याकडे गुंतागुंत एका प्रोग्रॅमच्या आत कमी आणि प्रोग्रॅमांच्या सांध्यांत जास्त असते. २०१८ या एका वर्षात आपल्याच राज्यात याची दोन टोकं दिसली.

फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा बाहेर आला, सुरुवातीचा आकडा ११,४०० कोटींच्या घरातला. हमीपत्रं स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्यावरून) परदेशी जात होती आणि कोअर बँकिंगमध्ये (बँकेच्या खात्यांच्या मुख्य प्रणालीत) त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या. दोन स्वतंत्र, सुटसुटीत प्रणाली. लुटायला तेवढं पुरलं. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर सगळ्या बँकांना ३० एप्रिल २०१८ पर्यंत स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडायला लावलं. म्हणजे सुरक्षेसाठी गुंतागुंत वाढवली, आणि योग्यच केलं.

ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँक. एटीएमवर कार्ड घातलं की विचारणा स्विच या मधल्या प्रणालीमार्फत कोअर बँकिंगकडे जाते, शिल्लक बघून होकार किंवा नकार येतो. हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचा बनावट स्विच उभा केला. विचारणा खऱ्या प्रणालीपर्यंत पोचायचीच नाही, बनावट स्विच सगळ्याला होकार द्यायचा. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. इथे जोडणी होती, तिच्यातच घुसले.

माझं म्हणणं इतकंच की सांधा जोडावा की तोडावा याचं एक उत्तर नाही. पण सांधा ठेवलात तर दोन्ही बाजूंनी ताळा हवा: स्विच म्हणतो इतके रुपये दिले, कोअर बँकिंग म्हणतं इतके वजा झाले, आणि हे दोन आकडे दर काही मिनिटांनी जुळले पाहिजेत, दुसऱ्या दिवशी नव्हे. हा ताळा म्हणजेही एक नवा प्रोग्रॅम. गुंतागुंत अजून थोडी वाढली. मी ती आनंदाने स्वीकारेन.

आणि रात्रपाळी, वगळण्याबद्दल. आमच्यासारख्या लहान बँकेच्या हातात वगळणं नसतंच. पुरवठादार गठ्ठा देतो: परकीय चलन, सोनेतारण, लॉकर, शेअर तारण, सगळी मॉड्यूल एकत्र. आमच्याकडे परकीय चलनाचा परवानाच नाही. ते मॉड्यूल बंद करा म्हटलं की 'मेनूमधून काढलंय' असं उत्तर येतं. मेनूतून निघालं, सर्व्हरवरून नाही. तुमचं फ्लॉपीचं उदाहरण वाचून तेच आठवलं.

अर्धविराम

मी जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारी, म्हणजे डिसेंबर २०२१ विसरणं शक्य नाही.

लॉगफोरजे ही नोंदी लिहिणारी लायब्ररी. तिचं काम फाइलीत ओळ लिहिणं. पण ओळीत विशिष्ट खुणेने काही लिहिलेलं असेल तर ती त्याचा अर्थ लावायची, आणि २०१३ मध्ये त्यात जेएनडीआय शोधाची, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरून गोष्टी शोधून आणायच्या जावाच्या सोयीची, भर पडली होती. परिणाम असा की लॉगिनच्या चौकटीत, ब्राउझरच्या नावात, माइनक्राफ्टच्या गप्पांत कुठेही ती खूण टाकली की सर्व्हर बाहेरच्या यंत्रावरून कोड आणून चालवायचा. गांभीर्य १० पैकी १०.

त्या आठवड्यात आम्ही २.१५ बसवली, मग २.१६, मग २.१७. प्रत्येक वेळी आधीच्या दुरुस्तीत काहीतरी राहिलेलं. २.१६ मध्ये त्यांनी शेवटी संदेशातला अर्थ लावण्याची सोय काढूनच टाकली आणि जेएनडीआय मुळात बंद करून दिलं. त्यानंतर ती सोय परत द्या म्हणून आमच्याकडचा एकही माणूस आला नाही. देखभाल करणाऱ्यांपैकी एकाने तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं की ही सोय त्यांनाही नकोशी होती, जुन्या वापरकर्त्यांचं बिघडू नये म्हणून ठेवली होती. ही मंडळी पगाराशिवाय काम करत होती आणि सगळं जग त्यांच्यावर तुटून पडलं. मला त्यांचा राग कधीच आला नाही. राग येतो तो त्यांच्या कामावर कोट्यवधी कमावून त्यांना एक सुट्टीही न देऊ शकलेल्यांचा.

रात्रपाळी म्हणतात त्यात भर: काढून टाकायलाही माणूस लागतो, पैसा लागतो. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएलला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. त्यात कोणाकडून कोड साफ करून घेणार?

गणकयंत्र

चर्चा छान चालली आहे, पण सगळे ओळी मोजत आहेत त्याबद्दल थोडं.

ओळींच्या संख्येने काही सिद्ध होत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती. त्या जादा ओळीमुळे सही तपासण्याआधीच प्रोग्रॅम तिथून बाहेर पडायचा आणि 'सगळं ठीक' म्हणून सांगायचा. कोड लहान, वाचायला सोपा, आणि तरीही कोणाला दिसलं नाही. हार्टब्लीडची दुरुस्तीही मोजक्या ओळींची होती.

उलट बाजूने पाहा. रस्टचा कंपायलर सी-च्या साध्या कंपायलरपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा. स्मृतीची मालकी, उधारी, आयुर्मान यांचे नियम शिकताना नवखा माणूस जेरीला येतो. पण अँड्रॉइडमध्ये नवा कोड अशा भाषांत लिहायला लागल्यावर स्मृतीशी संबंधित त्रुटींचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. जुना सी++ कोड त्यांनी सगळा काढला नाही, नवा घालणं थांबवलं. गुंतागुंत कंपायलरमध्ये गेली, जिथे ती एकदाच नीट तपासता येते.

देवटाक यांचा कप्पा तसाच. प्रक्रिया वेगळ्या करणं, त्यांच्यात निरोप पाठवणं, परवानग्या कापणं हा सगळा वाढीव कोड आहे. क्रोम ब्राउझर वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगळ्या प्रक्रिया चालवतो, स्मृती खातो, लोक तक्रार करतात. मी तो खर्च सोसायला तयार आहे.

कोड लहान असण्याचा खरा फायदा एकाच ठिकाणी निर्विवाद आहे, तो म्हणजे सिद्धता द्यायची असेल तिथे. ऑस्ट्रेलियातल्या सेल-फोर या सूक्ष्म कर्नलचं २००९ मध्ये गणिती सत्यापन झालं. सी-च्या सुमारे ८,७०० ओळी, आणि सिद्धतेवर गेलेले कष्ट कोड लिहिण्याच्या कितीतरी पट. चार कोटी ओळींच्या लिनक्स कर्नलसाठी असला विचारही करता येत नाही. तेव्हा ओळी मोजायच्या असतील तर एवढ्याच मोजा: ज्यांच्यावर आंधळा विश्वास टाकावा लागतो अशा ओळी किती? बाकीच्या कितीही असू देत.

माईणमुळे

सगळं कळलं असं नाही, पण शेवटपर्यंत वाचलं. मी निवृत्त शिक्षिका. मला सर्व्हर नाही, फोन आहे. मी यातलं काय करू शकते? मुलगा म्हणतो, 'आई, सगळं अपडेट ठेव, बस.' तेवढं पुरतं का?

देवटाक

माईणमुळे, मुलगा बरोबर सांगतो आहे, ते सर्वांत महत्त्वाचं. त्याच्या जोडीला: जी ॲप वर्षभरात उघडली नाहीत ती काढून टाका. हे अगदी रात्रपाळी सांगताहेत तेच काम आहे आणि फोनवर ते तुमच्या पूर्ण हातात आहे. राहिलेल्यांच्या परवानग्या एकदा बघा. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी?

थोडं अवांतर, पण या धाग्याला लागू. २०२१ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा आयफोनवरचा एक हल्ला उघड झाला. संदेशातून एक फाइल यायची, नाव जीआयएफचं, आत पीडीएफ, आणि त्यात जेबीआयजी-२ या स्कॅनर-फॅक्सच्या जमान्यातल्या पद्धतीने दाबलेलं चित्र. फोनने ते वापरकर्त्याला न विचारता वाचायला घेतलं की काम तमाम. बोटही लावावं लागत नव्हतं. ॲपलने त्यानंतर २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर 'लॉकडाउन मोड' दिला. तो चालू केला की संदेशांतली बहुतेक प्रकारची जोडपत्रं बंद, दुव्यांची झलक बंद, जावास्क्रिप्ट वेगवान करणारी जेआयटीची यंत्रणा बंद, आणि संकेतस्थळांचे स्वतःचे फॉन्टही बंद. म्हणजे माझं काम बंद! मला त्यात काही गैर वाटत नाही. तिथे निवड वापरणाऱ्याची आहे आणि फोनमधली देवनागरी चालूच राहते. तुम्हाला तो लागणार नाही. तो पत्रकार, वकील, कार्यकर्ते अशा ज्या नेमक्या लोकांवर पाळत असते त्यांच्यासाठी आहे.

रात्रपाळी

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

देवटाक, तुमचा मुद्दा मान्य आणि तो माझ्या वाक्यात घेतो. 'वापर कमी' हे वगळायचं कारण होऊ शकत नाही. मराठी वाचणारे जगाच्या तुलनेत थोडे आणि स्क्रीन रीडर वापरणारे त्याहून थोडे. 'कोणालाच नको, किंवा का हवंय ते कोणी सांगू शकत नाही' हे कारण मात्र होऊ शकतं. फ्लॉपी, व्हीएमएस आणि लॉगमधला जेएनडीआय यांच्या बाजूने उभं राहून कोणी तुमच्यासारखा प्रतिसाद लिहिला नसता.

गणकयंत्र, आंधळ्या विश्वासाच्या ओळी मोजायच्या हे फार पटलं. एक्सझेडचं दुखणं तेच होतं. लायब्ररी मोठी नव्हती, पण ती नको त्या प्रक्रियेत होती. तीच कप्प्यात असती तर आंद्रेसच्या अर्ध्या सेकंदावर जगाला अवलंबून राहावं लागलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून आहे. १९८८ च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या प्रोग्रॅमने सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा डीबग (चुका शोधायचा) मार्ग वापरला होता, लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेला आणि जगभर चालू राहिलेला. १९८८ ते २०२४, तीच चूक. कप्पे करा, रस्ट वापरा, ताळे घाला, सगळं करा. पण ती सगळी कामं मंजूर होतात कारण त्यांत काहीतरी नवं उभं राहतं. काढण्याच्या कामाला तारीख आणि माणूस नेमून दिल्याशिवाय ते होत नाही.

आमच्याकडे आता प्रत्येक सेवेपुढे एक नाव असतं, तिची गरज असलेल्या माणसाचं. सहा महिन्यांनी त्याला विचारतो. नाव पुसलं गेलं की आधी सेवा बंद करतो, आरडाओरडा झाला नाही तर पॅकेज काढतो. खटका, तुमच्या स्क्रिप्टवरही असं नाव लावा, आणि शक्य असेल तर त्या इथे टाका. चार जण वाचतील.

खटका

टाकतो. किल्ल्या पुसून मगच.

व्याजदर

रात्रपाळी, नाव लावायची पद्धत आमच्याकडे करता येईल. पण गठ्ठ्यात काय काय आहे तेच ठाऊक नसेल तर नाव कशापुढे लावू?

रात्रपाळी

पुरवठादाराकडे एसबीओएम मागा, म्हणजे सॉफ्टवेअर कोणकोणत्या घटकांचं बनलंय त्याची आवृत्तीसह यादी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांचा हवाला देऊन लेखी मागा. तोंडी मागितलंत तर पुन्हा मेनूच दाखवतील. यादी आली की त्यात परकीय चलनाचं मॉड्यूल कोणत्या लायब्रऱ्या ओढून आणतं ते आधी बघा, आणि नूतनीकरणाच्या करारात 'परवाना नसलेली मॉड्यूल सर्व्हरवर बसवली जाणार नाहीत' हे कलम घालून घ्या. कराराचं नूतनीकरण कधी आहे तुमचं?

व्याजदर

मार्चमध्ये. म्हणजे पत्र याच आठवड्यात जायला हवं. मसुदा करून इथे टाकतो, नावं वगळून. बघून सांगा.